टेलिकास्टरच्या बॉडीसाठी ठाणे-नवी मुंबईत कोणतं लाकूड घ्यावं?

ऐरोलीकर२७
१२ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहतो, महापेला नोकरी. दहाएक वर्षं गिटार वाजवतोय आणि आता स्वतःच्या हाताने एक सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक करायची खुमखुमी आली आहे. आकार टेलिकास्टरचा, म्हणजे फेंडर कंपनीच्या त्या जुन्या मॉडेलचा. नेक तयार घेणार, मेपलचा, साडेपंचवीस इंच स्केलचा (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी). बॉडी मात्र मीच कापणार. राउटर आहे, ड्रिल आहे, मित्राची गच्ची आहे, बायकोची परवानगी निम्मीशिम्मी आहे.

घोडं अडलंय लाकडापाशी. व्हिडिओ बघावेत तर सगळे ॲश नाहीतर आल्डर म्हणतात. तसा ब्लँक बाहेरून मागवला तर पाठवणावळ आणि कस्टम धरून लाकडाचा ठोकळाच तयार गिटारीच्या भावाला भिडतो. म्हणून मागच्या शनिवारी ठाण्यात एका वखारीत गेलो. "ॲश आहे का?" विचारलं. शेठ म्हणाले, "राख पाहिजे तर स्मशानात जा, इथे लाकूड मिळतं." ते विनोद करत होते की खरंच विचारात पडले होते, मला अजून कळलेलं नाही.

तिथे साग होता, शिवण होतं, आफ्रिकन महोगनी म्हणून काहीतरी लालसर होतं, स्टीम बीच होतं आणि शिसवीची एक जाडजूड फळी होती. भाव सगळे घनफुटात, आणि मला किती घनफूट लागणार हेच माहीत नाही. खरं सांगायचं तर मन शिसवीवर आहे. जॉर्ज हॅरिसनकडे फेंडरने दिलेली अख्खी रोजवुडची, म्हणजे शिसवीच्याच जातीच्या लाकडाची, टेलिकास्टर होती, ३० जानेवारी १९६९ ला बीटल्स लंडनच्या गच्चीवर वाजवले तेव्हा त्याच्या गळ्यात तीच होती. ती गिटार लहानपणापासून डोक्यात बसली आहे.

आणखी एक पर्याय आहे, पण विचारायला लाज वाटते. कंपनीत जर्मनीहून मशीन आलं, त्याची पाइनची भलीमोठी पेटी मागच्या दाराशी पडून आहे. खालचे दांडे चांगले चार इंच जाड आहेत. फुकट मिळतील. पण पेटीच्या लाकडाची गिटार?

---

सहा_तारा
१२ ऑक्टोबर

काहीही घे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप लाकडाचा आवाज ऐकत नाही, चुंबकापुढे हलणारी लोखंडी तार ऐकतो. एका माणसाने तर बॉडीच काढून टाकली, दोन बाकांच्या मध्ये तारा ताणल्या, पिकअप नेमक्या जागी धरला आणि रेकॉर्ड केलं. टेलिकास्टरच ऐकू येते. डॅनइलेक्ट्रोच्या गिटारी १९५० च्या दशकात हार्डबोर्डच्या होत्या आणि त्या लेड झेपेलिनच्या जिमी पेजनेही वाजवल्या.

पैसे पिकअप आणि ॲम्पवर घाल. लाकडाच्या 'टोन'वर भांडणारे लोक डोळे बांधून बसवले की गप्प होतात.

---

पॅटर्नकाका
१३ ऑक्टोबर

ऐरोलीकर, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मला गिटार वाजवता येत नाही, तीन कॉर्डसुद्धा धड येत नाहीत. पण वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले, आणि रिटायर झाल्यावर भाच्याच्या नादाने सात बॉड्या कापल्या. त्यातल्या दोन फुकट गेल्या. पुढचं जे सांगतोय ते त्या दोघींनी शिकवलेलं आहे.

पॅटर्न म्हणजे ओतकामाच्या वाळूत ठसा उमटवायचा लाकडी नमुना. तो पिळला की कास्टिंगही पिळलेलं येतं आणि गिऱ्हाईक गाडीभर माल परत पाठवतं. म्हणून आम्ही लाकडाचं नाव शेवटी विचारतो. आधी विचारतो, हे सुकलंय का, आणि उद्या हलणार का. तुझ्या गिटारीलाही हेच दोन प्रश्न, आणि तिसरा वजनाचा. सहा तारा म्हणतात ते आवाजापुरतं मला पटतं, पण 'काहीही घे' हे पटत नाही. ओलं लाकूड पिकअपला कळणार नाही, नेकच्या खाचेला कळेल.

ॲश-आल्डर ही काही देववाणी नाही. लिओ फेंडरचं पहिलं नमुन्याचं गिटार होतं पाइनचं. मग ॲश आली, १९५६ च्या सुमारास बहुतेक स्ट्रॅटोकास्टरना (त्याचंच दुसरं मॉडेल) आल्डर आलं. कॅलिफोर्नियात भरपूर मिळणारं, स्वस्त, राउटरखाली सरळ कापलं जाणारं आणि रंग बरा धरणारं लाकूड त्याने उचललं. त्याचा कारखाना रबाळ्याला असता तर त्याने काय उचललं असतं, असा विचार कर. पाइनच्या पेटीची लाज वाटायचं कारण नाही, उलट घराण्याच्या मुळाशी चाललायस.

आता घनफूट. जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. तुला दोन इंच जाड, सात इंच रुंद, साडेतीन फूट लांब फळी पुरते. मधून कापून दोन तुकडे शेजारी चिकटवले की चौदा इंच रुंदी झाली, रंधून पावणेदोन इंच जाडी राहते. दोन गुणिले सात गुणिले साडेतीन म्हणजे ४९, भागिले १४४, म्हणजे घनफुटाचा साधारण तिसरा हिस्सा. शेठ अर्धं घनफूट लावायला बघतील. कागदावर मांडून दाखव.

वजनाचा माझा हिशोब असा. कापून, गोलवून, खाचा मारून तयार झालेली टेलिकास्टरची बॉडी घनफुटाचा जेमतेम सातवा भाग उरते. सुक्या सागाचं घनफूट १८ किलोच्या आसपास, म्हणजे बॉडी अडीच किलोच्या पुढे. शिसवीचं २३-२४ किलो, म्हणजे बॉडीच सव्वातीन. त्यावर नेक आणि लोखंडी सामान मिळून दीड किलो धर. पावणेपाच किलोचं धूड गळ्यात अडकवून तू तीन गाणी वाजवशील, चौथ्याला खुर्ची मागशील. पाइन १२-१३ किलो आणि शिवण १३-१४ किलो घनफुटाला. त्यांची बॉडी दोन किलोच्या आत बसते.

शिसवीचा मोह मला कळतो, हातात घेतलं की सोडवत नाही असं लाकूड आहे. पण त्याची जागा फिंगरबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीवर. ब्राझीलच्या रोजवुडवर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली, आणि त्याच्याही आधीपासून जगभरातल्या गिटारींच्या फिंगरबोर्डांवर आपली शिसवी चढली आहे. पट्टीभर शिसवी घे, बॉडीसाठी नको. शिवाय तिची आणि सागाची धूळ वाईट. मास्क लावल्याशिवाय सँडर चालू करायचा नाही. माझ्या मनगटावर सागाच्या धुळीने उठलेलं पुरळ महिनाभर गेलं नव्हतं.

बीच नको. दिसायला गुळगुळीत, सुताराचं लाडकं, पण दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. साग जेवढा हलतो त्याच्या दुपटीने बीच हलतं. खाडीकाठी राहणाऱ्याने बीच फर्निचरपुरतंच ठेवावं. 'आफ्रिकन महोगनी' या नावाखाली वखारीत काय काय येतं ते वखारवाल्यालाही ठाऊक नसतं. फळी हलकी आणि सरळ नसेची असेल तर बिनधास्त घे, पण नावाला भुलून घेऊ नकोस.

साग चांगलाच. हलत नाही, कीड लागत नाही. दोन त्रास मात्र आहेत. एक, त्यात सिलिका असते, राउटरची बिट बोथट होते. एका बॉडीला मी दोन बिटा संपवल्या. दुसरा त्रास तेलाचा. जोडाच्या कडा ॲसिटोनने पुसून लगेच फेविकॉल लावला नाहीस तर जोड आज धरेल आणि पुढच्या वर्षी सुटेल.

मी तुझ्या जागी असतो तर शिवण घेतलं असतं, फळी सुकी असती तर. आमच्या पॅटर्नशॉपमध्ये सागाच्या खालोखाल शिवणच. हलकं, पटाशीखाली लोण्यासारखं आणि एकदा सुकलं की जागचं हलत नाही. रंग फिका पिवळसर, नस काही डोळ्यांत भरणारी नाही, पण तू रंग मारणार असशील तर नस कोण बघतंय.

आता ते सुकं प्रकरण. माझी पहिली बॉडी आंब्याची. वखारवाला म्हणाला, "एकदम सुकं आहे, काका." मी ३१ वर्षांचा पॅटर्नमेकर, आणि विश्वास ठेवला! जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, ओलावा मोजायचं मीटर भाच्याने कुठेतरी नेलेलं. दोन तुकडे चिकटवले, कापले, लॅकर मारलं, आरशासारखी चमक आली. फेब्रुवारीत बॉडीच्या मधोमध जोडाची रेघ लॅकरवर उठली, बोट फिरवलं की अडकायची. नेकची खाच आकसून नेक असा घट्ट बसला की काढताना कडेचा टवका उडाला. आणि मार्चमध्ये टेबलावर पांढरी पिठी दिसायला लागली. आत किडा होता. ती बॉडी मी कुणालाच दाखवत नाही.

म्हणून आता मीटरवरही पूर्ण भरवसा नाही. फळी घरी आणली की दोन्ही टोकांना मेण किंवा फेविकॉल फासतो, कारण टोकांकडून लाकूड भराभर सुकतं आणि तडे जातात. खाली-वर पट्ट्या देऊन हवेशीर ठेवतो. दर रविवारी काट्यावर वजन करायचं आणि फळीवरच पेन्सिलीने लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की फळी आपल्या हवेला सरावली. ठाण्याच्या हवेत ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आला की पुरे. ८ टक्क्यांच्या गोष्टी कोरड्या मुलखातल्या, इथे ते लाकूड पुन्हा पाणी पिऊन १२ वरच येणार. वखारीत काटा नसतो, तिथे फळी गालाला लावून बघ. शेजारच्या फळीपेक्षा थंड लागली तर ओली. आणि शक्य असेल तर कडेला रंध्याचा एक हात मारून बघ. सुक्याची साल कुरकुरीत निघते, चुरगळली की मोडते. ओल्याची साल भिजल्या कागदासारखी बोटाला गुंडाळते.

पाइनच्या पेटीचं सांगायचं राहिलं. दांड्यावर शिक्का शोध, गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला. त्यात एचटी लिहिलेलं असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं आहे, किडे मेलेले आहेत. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते लाकूड घरात आणू नकोस. एचटी म्हणजे सुकवलेलं नव्हे, हे ध्यानात ठेव. किडा मरतो, पाणी राहतं.

दुसरी बॉडी फुकट कशी गेली ते उद्या. भाची जेवायला बोलावतेय.

---

वाशीची_बासवाली
१३ ऑक्टोबर

काकांच्या वजनाच्या मुद्द्याला माझ्या डाव्या खांद्याचा दुजोरा. सागाचा बास करून घेतला होता, हौसेने. दिसतो देवघराच्या दारासारखा आणि वजनही तेवढंच. दोन तासांच्या कार्यक्रमानंतर दोन दिवस मान वळत नाही.

सागच करायचा असेल तर आतून पोकळ कर. बॉडीच्या दोन्ही बाजूंनी खड्डे मार, पूल (ब्रिज, ज्यावर तारा टेकतात) आणि पिकअपखालचा मधला पट्टा भरीव ठेव आणि वरून पाव इंचाची फळी चिकटव. फेंडरनेही हलकी ॲश मिळेनाशी झाली तेव्हा १९६८ मध्ये थिनलाइन टेलिकास्टर काढली ती अशीच. पण पहिल्याच बॉडीला हा खटाटोप नको असं वाटतं.

---

नौपाड्याचा_वासा
१४ ऑक्टोबर

जुना साग कुणी सुचवला नाही याचं नवल वाटलं. ठाण्यात इतक्या चाळी पाडल्या जात आहेत, तुळया आणि चौकटी निघतात, पन्नास-साठ वर्षं सुकलेल्या. आमच्या चाळीच्या जिन्याचा कठडा मी उचलून आणलाय. फक्त करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. माझ्या तुकड्यात सात खिळे निघाले, आठवा प्लेनरच्या पात्याला सापडला.

---

पॅटर्नकाका
१४ ऑक्टोबर

वासा, आठवा नेहमी पात्यालाच सापडतो. जुना साग सोनंच, पण तो वजनाला कमी होत नाही आणि चौकटीला सात इंच रुंदी क्वचित मिळते. तीन-चार पट्ट्या जोडाव्या लागतात. हरकत नाही, जोड चांगला असेल तर बॉडी चार तुकड्यांची असली तरी बिघडत नाही.

हां, दुसरी बॉडी. आमच्या धंद्यात एक फूटपट्टी असते, कॉन्ट्रॅक्शन स्केल. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटाला एक अष्टमांश इंच, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. ती पट्टी आधीच तेवढी ताणून छापलेली असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा. मी आयुष्यभर तिच्यावर काम केलं. भाच्याच्या गिटारीचा पूल कुठे बसवायचा ते नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) साडेपंचवीस इंच मोजलं, हाताला लागली ती पट्टी घेऊन. पाव इंच मागे गेला. पुलाचे स्क्रू पूर्ण पुढे आणले तरी बाराव्या पडद्यावरचा स्वर उतरलेलाच. भाचा म्हणाला, "मामा, लाकडात काहीतरी दोष आहे." लाकूड होतं शिवण, माझ्या हातून गेलेल्यात सगळ्यात सुंदर. भोकं बुजवून पूल पुढे घेता आला असता, पण मी वैतागून बॉडीच्या मागून नवी भोकं पाडायला गेलो आणि ड्रिल तिरकं सुटलं.

तेव्हा ऐरोलीकर, पट्टी स्टीलची, नवी, आणि नेक हातात आल्याशिवाय पुलाचं भोक पाडायचं नाही.

---

ऐरोलीकर२७
१९ ऑक्टोबर

काका, दंडवत. शिक्का सापडला, एचटी आहे, ओंबीसकट. कंपनीत विचारलं तर साहेब म्हणाले, घेऊन जा, वर एक पेटी मोफत. ऑटोवाल्याने मात्र दांडे बघून भाडं दुप्पट सांगितलं.

पुन्हा वखारीतही गेलो. शिवणाची फळी गालाला लावली. शेठनी नोकराला बोलावून दाखवलं. थंड होती, बाकीच्यांपेक्षा बरीच. सोडून दिली. आता पाइनच करतो. शिसवीची हौस पुढच्या नेकच्या फिंगरबोर्डवर भागवेन.

दांडे चिरून चार तुकडे काढलेत, प्रत्येक साडेतीन इंच रुंद, सव्वादोन जाड, वीस इंच लांब. दोन तुकड्यांत गाठी आहेत, एकीतून चिकट राळ येते. आणि पाइन इतकं मऊ की नखाने खळगा पडतो. स्क्रू धरेल का?

---

पॅटर्नकाका
१९ ऑक्टोबर

नेकचे चार स्क्रू बॉडीला धरतच नाहीत, बॉडीतून आरपार जाऊन नेकच्या मेपलमध्ये घट्ट बसतात. बॉडीतली भोकं जरा सैलच ठेवायची. त्यामुळे तिथे पाइन चालतं. पूल आणि पट्ट्याचं बटण मात्र जपायला हवं. तिथे लांब स्क्रू घे, आधी बारीक भोक पाड, एकदा स्क्रू फिरवून बाहेर काढ, पातळ सुपरग्लूचे दोन थेंब सोड, सुकू दे आणि मग कायमचा बसव.

राळेची गाठ कुठल्या खाचेत कापली जाईल अशी मांडणी कर, म्हणजे ती भुश्यातच जाईल. राहिलीच तर रंगाआधी लाखेचे, म्हणजे शेलॅकचे, दोन हात दे, नाहीतर उन्हाळ्यात रंगातून पिवळा डाग वर येतो. खळगे पडणारच. पेटीचं गिटार आहे, पडू देत. क्वीन बँडच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर घरी गिटार केली, तिचा नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा. त्यातली किड्यांची भोकं त्याने आगकाड्या घालून बुजवली. तुझ्या लाकडात निदान किडा तरी नाही.

आजचं वजन लिहून ठेव.

---

ऐरोलीकर२७
१६ नोव्हेंबर

चारही तुकड्यांचं मिळून वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. १९ ऑक्टोबर ५ किलो १२०. २६ ला ४ किलो ९६०. २ नोव्हेंबर ४ किलो ८९०. ९ ला ४ किलो ८६५. आज ४ किलो ८६०. एक तुकडा किंचित पिळलाय, टेबलावर ठेवला की डुगडुगतो.

बायको म्हणते पिठाच्या डब्यापेक्षा या लाकडांची जास्त काळजी घेतोस. चिकटवायला घेऊ का?

---

पॅटर्नकाका
१६ नोव्हेंबर

आणखी एक रविवार थांब. पाच-दहा ग्रॅमचाच फरक आला तर तुकडे घेऊन ये, माझ्याकडे प्लेनर आहे, डुगडुगणारा तुकडा सरळ करू. सकाळी लवकर ये, दुपारी खालचे झोपतात आणि प्लेनरचा आवाज त्यांना चालत नाही. आणि नेकही आण, खाच त्याच्याच मापाची काढायची आहे.

स्टीलची पट्टी मी घेऊन ठेवलीय. माझी जुनी कपाटात कुलूप लावून ठेवतो.